सादळलेले चुरमुरे

ऑगस्ट २०१९, सांगलीचा महापूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्याही वर गेलेलं. गावभाग, सांगलवाडी, स्टँडचा परिसर, सगळीकडून माणसं बोटींनी काढत होते. आमच्या हॉस्पिटलची तुकडी विश्रामबागच्या बाजूला एका शाळेतल्या छावणीवर होती. मी आहारतज्ज्ञ, त्यामुळे मधुमेहाचे, किडनीचे, गरोदर बायका आणि बाटलीवरची बाळं माझ्या वाट्याला. अन्नाला तोटा नव्हता हे मुद्दाम सांगते. आजूबाजूच्या तालुक्यांतून भाकरीच्या चवडीच्या चवडी येत होत्या, सोबत ठेचा, बिस्किटांचे खोके, चुरमुऱ्यांची पोती. दुधाची मात्र मारामार, कारण दूध जिथून येतं त्या भिलवडीकडेही पाणी शिरलेलं.

दुपारी एक निवृत्त शिक्षिका माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. ‘मॅडम, माझा मुलगा परवापासून जेवलेला नाही. पाणीही जेमतेम घोटभर.’ मला वाटलं, मुलगा आठ-दहा वर्षांचा असेल. मुलगा तिशी ओलांडलेला. तासगाव रस्त्याला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला, पेट्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर करतो. त्याला इथे सुहास म्हणते.

सुहास वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, कानांवर तळहात दाबून बसला होता. वर्गात दहाबारा कुटुंबं. बाहेर जनरेटरची घरघर, स्पीकरवरून ‘अमुक गल्लीतले लोक टेम्पोपाशी या’ असा सततचा पुकारा, दोऱ्यांवर ओले कपडे, फिनेलचा वास आणि त्यावर खिचडीच्या फोडणीचा वास. आमच्यातल्या एका तरुण डॉक्टरानं दबक्या आवाजात झोपेचं इंजेक्शन सुचवलं. बाईंनी ऐकलं. ‘तो वेडा नाही हो. त्याला ऑटिझम आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. तोवर आम्ही सगळे त्याला जेवणातला नखरेल म्हणत होतो.’

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, म्हटलं की आपल्याकडे लहान मूलच डोळ्यांपुढे येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याचं नाव आहे, पण पगार मिळवणाऱ्या माणसाला ते असू शकतं हे अजून नातेवाइकांच्या गळी उतरत नाही. आवाज, वास, स्पर्श फार तीव्र जाणवणं किंवा फारच कमी जाणवणं ही ऑटिझमची एक खूण म्हणून २०१३ पासून अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानाच्या निकषांतच आहे. त्यात काहींना भूक-तहानेची आतली जाणीवही नीट पोचत नाही. पोट रिकामं आहे हे कळतच नाही, फक्त चिडचिड वाढते, चिडचिडीनं घास नकोसा होतो, आणि चक्र चालू राहतं.

‘काय खाणार?’ असं मी त्याला विचारलं नाही. अशा वेळी तो प्रश्नसुद्धा ओझं होतो, आणि बाई म्हणाल्या की आदल्या दिवसापासून त्याचं बोलणंच बंद होतं. फोनची बॅटरी संपलेली. मी एका कागदावर मोठ्या अक्षरात ‘भात’ आणि ‘चुरमुरे’ एवढंच लिहिलं, शेजारी पेन्सिल ठेवली आणि लांब जाऊन बसले. बऱ्याच वेळानं कागद सरकला. त्यावर लिहिलं होतं, ‘चुरमुरे. पण मऊ झालेत.’

म्हणजे त्यानं खायचा प्रयत्न केला होता. घरी संध्याकाळी कामावरून आला की तो कोरडे चुरमुरेच खातो, रोज, वर्षानुवर्षं. छावणीतल्या पोत्यातले आठवडाभराच्या पावसानं सादळलेले. तुम्हीआम्ही थोडं तोंड वाकडं करून खाल्ले असते. त्याच्या दृष्टीनं तो पदार्थच वेगळा होता.

स्वयंपाकाच्या मांडवात गेले. आचारी कवठेमहांकाळकडचे, तीन चुलींवर एकटे उभे. ‘आवो मॅडम, पाचशे मानसं जेवायची हायेत, एका मानसाच्या चुरमुऱ्याला कढई मोकळी करू व्हय?’ रास्त होतं. मग म्हणाले, ‘तवा घ्या ल्हान, कडंच्या चुलीवर ठिवा.’ तव्याला आधीच्या भाजीचा लसणाचा वास होता. दोनदा घासला, कोरडा तापवला, मंद आचेवर चुरमुरे परतले. तेल नाही, हळद नाही, मीठसुद्धा नाही. गरम असताना ते मऊच लागतात, गार झाल्यावर कुरकुरीत होतात, म्हणून परातीत पसरून ठेवले आणि स्टीलच्या झाकणाच्या डब्यात भरले. सांगली-जयसिंगपूरच्या माणसाला चुरमुऱ्यांबद्दल काय शिकवायचं! पण भडंग करणारे हात एवढे बिनफोडणीचे चुरमुरे भाजताना बघून मांडवातल्या बायका हसत होत्या.

जागा बदलणंही तितकंच गरजेचं होतं. जिन्याखाली प्रयोगशाळेची जुनी टेबलं ठेवलेली होती, तिथे स्पीकर थेट ऐकू येत नव्हता. पाणी का पीत नाही तेही कळलं. टँकरच्या पाण्याला क्लोरिनचा वास होता. मदतीत सीलबंद बाटल्या आलेल्या. एक तशीच न उघडता त्याच्यापुढे ठेवली. सील त्यानं स्वतः तोडलं. आई शेजारी बसायला गेली, तर मीच त्यांना बाजूला बोलावलं. खाताना कुणी बघत असलं की घास अडकतो, आणि ‘खा रे, एक घास’ हे तर आणखी एक आवाजच.

तो एकेक चुरमुरा दाताखाली फोडत होता. कुरकुरीत काही चावलं की जबड्याच्या स्नायूंना एकसारखा, ठरावीक दाब मिळतो, आणि अशा लयीनं अनेकांना शांत वाटतं. शिवाय पहिला घास आणि विसावा घास सारखाच. खिचडीत कुठे मिरी येते, कुठे शेंगदाणा, कुठे टोमॅटोचं साल. आधीच डोकं भरून गेलेल्या माणसाला तोंडातली अशी धक्काबुक्की नको असते. तासाभरानं पांढरा भात दिला, मीठ आणि तूप दोन वेगळ्या वाट्यांत. कालवायचं की नाही ते त्याचं तो ठरवील. निम्मा खाल्ला. रात्रीच्या आत दोन बाटल्या पाणी पोटात गेलं, लघवी झाली, तेव्हा डॉक्टरांनी सलाईनचा विषय सोडला. दिवे लागल्यावर सुहासनं पहिलं वाक्य उच्चारलं, ‘जनरेटर किती वाजता बंद करतात?’ मी चौकशी करून त्याच कागदावर १० लिहून दिलं.

ही गोष्ट मी सांगते, कारण हल्ली माझ्याकडे यादी मागायला येतात. मन शांत करणारे दहा पदार्थ, मॅग्नेशियमचं काय, डार्क चॉकलेटचं काय. माझं मत रोखठोक आहे, अशी सर्वांची मिळून यादी नसते. साधं म्हणजे फिकं, मऊ, गुरगुट्या भात-मेतकूट, असंही नाही. एका मुलीला गोंधळ वाढला की लिंबाच्या लोणच्याची फोड लागते. त्या आंबट झटक्यानं ती भानावर येते. कुणाला फ्रीजमधला गार दही-भात, कुणाला फक्त उकडलेला बटाटा. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही त्या अवस्थेसाठी, मिथिलफेनिडेट हे औषध घेणाऱ्यांची दुपारची भूकच बऱ्याचदा मरते. त्यांना मी गोळीच्या आधी भरपेट नाश्ता करायला सांगते आणि संध्याकाळी, भूक परतते तेव्हा, हाताशी काहीतरी चिरायची-शिजवायची गरज नसलेलं ठेवायला. शेंगदाणे, केळं, राजगिऱ्याची वडी.

आणि गहू-दूध बंद करून ऑटिझम सुधारतो म्हणून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. त्याला भक्कम पुरावा नाही. मुळात पाचसहाच पदार्थ खाणाऱ्या माणसाचे त्यातले दोन काढून घ्यायचे, ही कसली सुधारणा? यादी फारच आखूड असेल तर हिमोग्लोबिन, बी-१२, डी जीवनसत्त्व तपासा, कमी असेल ते औषधानं भरा. नवा पदार्थ आणायचाच तर निवांत दिवशी, वेगळ्या वाटीत, जुन्याच्या शेजारी ठेवा. जुना ताटातून उचलू नका.

बाईंचा अधूनमधून फोन येतो. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं, तेव्हा सुहासनं आदल्या दिवशीच आपली पिशवी भरली होती. घट्ट झाकणाचा चुरमुऱ्यांचा डबा, नेहमीच्या पाण्याच्या चार बाटल्या, स्वतःची वाटी, कानात घालायचे बोळे, पॉवर बँक, आणि ‘मी बोलू शकत नसेन तेव्हा लिहून विचारा’ असं लिहिलेला कागद. ‘सगळं घेतलं हो त्यानं,’ बाई तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, ‘रेशनकार्ड आणि माझ्या बीपीच्या गोळ्या तेवढ्या घरी राहिल्या.’