तीन तुकडे, दोन स्लायडर आणि एक खोटी उभी रेघ

पीसवाइज फंक्शनचा, म्हणजे क्ष च्या वेगवेगळ्या पट्ट्यांत वेगळं सूत्र असलेल्या फंक्शनचा, आलेख एकदा काढायचा असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर चालतं. त्या पट्ट्यांच्या सीमाच स्लायडरने (ओढून आकडा बदलायच्या पट्टीने) हलवायच्या ठरवल्या की खरी कटकट सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा चित्रात नसून अटी लिहिण्यात असते.

हे फंक्शन घेऊ. क्ष < अ असेल तर क्ष². अ ≤ क्ष < ब असेल तर २ − क्ष. क्ष ≥ ब असेल तर √(क्ष − ब). अ आणि ब हे दोन स्लायडर.

जिओजेब्रात एकाच इफ कमांडमध्ये अट, सूत्र, अट, सूत्र असं ओळीने लिहायचं आणि शेवटी ‘नाहीतर’चं सूत्र द्यायचं. डेस्मॉसमध्ये महिरपी कंसात अट, विसर्गचिन्ह, सूत्र, स्वल्पविराम. मॅथेमॅटिकात पीसवाइज हे प्लॉटच्या आत आणि प्लॉट मॅनिप्युलेटच्या आत जातो (मॅनिप्युलेट २००७ साली, सहाव्या आवृत्तीत आलं). पायथॉनमध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं पीसवाइज आणि आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबचा स्लायडर. इथवर सगळं सरळ आहे.

आता अ = ३ आणि ब = १ करून बघा. म्हणजे सीमा एकमेकींना ओलांडून गेल्या. जिओजेब्रा, डेस्मॉस आणि मॅथेमॅटिका अटी वरून खाली तपासतात आणि पहिली खरी ठरलेली अट धरतात. त्यामुळे क्ष² हा तुकडा थेट ३ पर्यंत जातो, मधला तुकडा गायब होतो आणि वर्गमूळ ३ पासून दिसू लागतं. नमपायचं पीसवाइज उलट वागतं: ते प्रत्येक अटीसाठी उत्तराच्या यादीत भरत जातं, म्हणून दोन अटी खऱ्या असतील तर शेवटची टिकते. तिथे वर्गमूळ १ पासूनच सुरू होतं. त्याच सूत्राचे दोन वेगळे आलेख, आणि चूक दाखवणारा संदेश कुठेच नाही! (नमपायचंच सिलेक्ट मात्र पहिली अट धरतं.)

यावर उपाय म्हणजे ब हा स्वतंत्र स्लायडर ठेवूच नका. रुंदी र हा स्लायडर ० ते ४ ठेवा आणि ब = अ + र लिहा. ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र अ हलवला की ब सोबत सरकतो. ते नको असेल तर सूत्रात ब च्या जागी अ आणि ब यांतली मोठी संख्या वापरा. डेस्मॉसमध्ये स्लायडरच्या खालच्या मर्यादेत आकड्याऐवजी थेट अ लिहिता येतो. शिकवण्यासाठी मला स्लायडरपेक्षा क्ष-अक्षावरचे ओढता येणारे बिंदू बरे वाटतात: जिओजेब्रात अ स्लायडर असताना (अ, ०) हा बिंदू काढला की तो माउसने ओढला तरी स्लायडर हलतो, आणि नजर सीमेवरच राहते.

कुठल्याच अटीत न बसणाऱ्या क्षसाठी काय होतं, हेही तपासून ठेवा. जिओजेब्रा आणि डेस्मॉस तिथे जागा रिकामी ठेवतात. मॅथेमॅटिका आणि नमपाय मुकाट्याने ० धरतात, त्यामुळे अटींमध्ये फट राहिली तर अक्षावर एक आडवी रेघ उमटते आणि ती फंक्शनचाच भाग वाटते.

आता ती उभी रेघ. मॅटप्लॉटलिब बिंदू जोडत जातं, त्याला उडी, म्हणजे सीमेवर किंमत एकदम बदलणं, कळत नाही. −५ ते ५ मध्ये १००१ बिंदू घेतले तर अंतर ०.०१ पडतं, आणि उडीच्या जागी तेवढ्याच रुंदीची तिरकी रेघ पडद्यावर सरळ उभी दिसते. बिंदू वाढवले तर ती आणखी उभी होते, जात नाही. प्रत्येक तुकडा वेगळी रेघ म्हणून काढा: −५ ते अ, अ ते ब, ब ते ५. स्लायडर हलला की त्या तीन रेघांचा फक्त डेटा बदला, अक्ष पुसून पुन्हा काढू नका. वर्गमुळाला ब पाशी चढ अनंत असतो. ०.०१ अंतराने घेतलं तर पहिल्याच पायरीला उंची ०.१ होते आणि सुरुवात कोपऱ्यासारखी दिसते. तिथे क्ष = ब + ट² घ्या आणि ट चे बिंदू समान अंतरावर ठेवा, वळण गुळगुळीत येतं.

मॅथेमॅटिकाचा प्लॉट पीसवाइजच्या उड्या स्वतः ओळखून रेघ तोडतो. पण फंक्शन फक्त आकडाच स्वीकारेल असं लिहिलं असेल तर त्याला आतल्या अटी दिसत नाहीत. मग एक्सक्लूजन्स या प्लॉटच्या पर्यायात (रेघ कुठे तोडायची ते सांगणाऱ्या) अ आणि ब स्वतः द्यावे लागतात.

भरीव (बिंदू आलेखात आहे) आणि पोकळ (बिंदू आलेखात नाही) टिंबं हाताने घालावी लागतात. अ पाशी पोकळ (अ, अ²), भरीव (अ, २ − अ). ब पाशी पोकळ (ब, २ − ब), भरीव (ब, ०). र = ० झाला की मधला तुकडा रिकामा असतो, त्याची दोन्ही टिंबं लपवा आणि अ पाशी फक्त पोकळ (अ, अ²) व भरीव (अ, ०) ठेवा. हे बहुतेकांकडून राहून जातं.

नमपायचे आणखी दोन सापळे. क्ष ची यादी पूर्णांकांची असेल तर पीसवाइजचं उत्तरही पूर्णांकात येतं, दशांश छाटले जातात, आलेख पायऱ्यांसारखा होतो. यादी दशांशात सुरू करा. आणि पीसवाइजऐवजी व्हेअर वापरलं तर वर्गमूळ सगळ्याच क्षसाठी काढलं जातं, ऋण संख्यांमुळे इशारे येत राहतात. पीसवाइजमध्ये सूत्र फंक्शन म्हणून दिलं की ते फक्त आपापल्या तुकड्यावर चालतं.

मॅटप्लॉटलिबचा स्लायडर ओढूनही काहीच हलत नाही? त्याला व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलं आहे का ते बघा, नाहीतर पायथॉन त्याला कचरा समजून काढून टाकतो. ज्युपिटर नोटबुकच्या साध्या, स्थिर चित्रात मॅटप्लॉटलिबचा स्लायडर चालतच नाही, आयपीएमपीएल हे नोटबुकमध्ये चित्र हलतं ठेवणारं जोड-पॅकेज लागतं.

उभ्या अक्षाची मर्यादा पक्की ठेवा, इथे −४ ते ६. आपोआप सोडली तर प्रत्येक हालचालीला मोजपट्टीच बदलते आणि उडी वाढली की अक्ष आकसला हे कळत नाही.

पडद्यावर उडीचा आकडाही दाखवा. अ पाशी ती २ − अ − अ², म्हणजे −(अ + २)(अ − १). अ = −२ आणि अ = १ ला शून्य, अ = −०.५ ला २.२५ ही सर्वांत मोठी वरची उडी. ब पाशी ती ब − २. दोन्ही सूत्रं र > ० असताना लागू. ‘संतत’ अशी पाटी लावायची असेल तर उडी बरोबर शून्य आहे का असं विचारू नका. ०.१ च्या पायऱ्यांनी आलेला स्लायडर १ ऐवजी ०.९९९९९९९९९९९९९९९९ वरही थांबू शकतो. निरपेक्ष किंमत १०⁻⁹ पेक्षा कमी आहे का, एवढंच तपासा.