कागदावर 60, टेबलावर 96

रविवार, रात्री

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट केला आणि नेहमीप्रमाणे मॉनिटर गुपचूप 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 चित्रांवर (फ्रेमवर), येऊन बसला. सेटिंग उघडून बघायचीही गरज पडली नाही, माउस हलवताच कळलं. कर्सर सरकत नव्हता, टप्प्याटप्प्याने उड्या मारत होता. याच 60 हर्ट्झवर मी कित्येक वर्षं खेळले आणि त्यात काही कमी आहे असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आता पाच मिनिटं काढवत नाहीत. डोळ्यांचे लाड झालेत, दुसरं काय.

मग सगळी पूजा पुन्हा मांडली. ड्रायव्हरवर पिक्सेल क्लॉकचा (कार्ड किती वेगाने पिक्सेल पाठवतं त्या मर्यादेचा) पॅच, मॉनिटरला 96 हर्ट्झ सांगणारी कस्टम रिझोल्यूशनची जपून ठेवलेली फाइल, रीस्टार्ट, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 96. पडदा क्षणभर काळा होतो, तेवढा वेळ अजूनही श्वास रोखला जातो.

हा मॉनिटर कोरियातून आलेला, 27 इंची, 2560 बाय 1440. 2012-13 च्या सुमारास अशा मॉनिटरांचं वेडच आलं होतं. यामाकासी कॅटलीप, क्यूनिक्स क्यूएक्स2710 ही नावं पीसी गेमिंगवाल्यांच्या तोंडी असायची. ब्रँड लहान, पण आतलं पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, एलजीचं नाहीतर सॅमसंगचं. कॅटलीपमधलं एलजीचं पॅनेल तर ॲपलच्या 27 इंची डिस्प्लेमधल्या पॅनेलच्याच घराण्यातलं. मोठ्या कंपन्यांच्या तपासणीत मागे पडलेला माल इथे येतो, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. विक्रेते ‘परफेक्ट पिक्सेल’ असा शिक्का मारून विकायचे आणि खाली बारीक अक्षरात किती बिघडलेले पिक्सेल चालतील तेही सांगून टाकायचे. माझ्याकडच्याच्या डाव्या कोपऱ्यात एक पिक्सेल कायमचा हिरवा आहे. गेममध्ये अंधारी खोली आली की उजवीकडे खालून बॅकलाइट, पॅनेलमागचा उजेड, झिरपताना दिसतो. स्टँड इतका डुगडुगायचा की सरळ काढून मागच्या वेसा भोकांना (मॉनिटर टांगायच्या ठरावीक मापाच्या) आर्म लावला. मेन्यू नाही. ब्राइटनेस कमी-जास्त करायची बटणं, संपलं.

मंगळवार

भाचा आला होता. त्याने नवीन 240 हर्ट्झचा घेतलाय, त्यामुळे सध्या सगळ्यांचे मॉनिटर तपासत फिरतो. माझ्या मॉनिटरची पाठ वाचून म्हणाला, “मावशी, यावर तर 60 लिहिलंय. तू 96 कुठून आणलेस?”

त्याला बसवून सांगितलं. साध्या मॉनिटरमध्ये स्केलर नावाची एक चिप असते. बाहेरून आलेलं चित्र ती तपासते, लहानमोठं करते, रांगेत लावते आणि मग पॅनेलकडे पाठवते. झेपणार नाही तो सिग्नल परत पाठवण्याचं कामही तिचंच. माझ्या मॉनिटरमध्ये ती चिपच नाही. एकच पोर्ट, ड्युअल-लिंक डीव्हीआय (जुन्या पद्धतीचं, दोन लिंकवरून चित्र नेणारं), आणि तिथून चित्र जवळजवळ थेट पॅनेलच्या सर्किटकडे. म्हणूनच याला गेमिंग कन्सोल लावून उपयोग नाही आणि म्हणूनच हा 60च्या पुढे पळतो. मध्ये अडवणारं कुणी नाही. याच मॉनिटरांचे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट असे चारचार पोर्टवाले भाऊ निघाले, त्यांच्यात स्केलर आला आणि बहुतेकांचं पळणं तिथेच थांबलं.

“मग 120 का नाही लावत?” हा प्रश्न येणारच होता.

लावून पाहिलंय. 120वर चालतो, फ्रेमही गाळत नाही. काही मॉनिटर सिग्नल 120चा घेतात आणि दाखवताना एकाआड एक फ्रेम खाऊन टाकतात. ते ओळखायची युक्ती सोपी आहे. पडद्यावर चौकोनांची जाळी ठेवायची, दर फ्रेमला पुढचा चौकोन उजळेल अशी, आणि कॅमेऱ्याचं शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवून फोटो काढायचा. उजळलेल्या चौकोनांच्या रांगेत खिंडारं दिसली तर समजायचं की आकडा नुसता नावाचा. माझी रांग सलग आली. पण 120वर चित्र काळवंडतं, गॅमा, म्हणजे उजेड-अंधाराच्या छटांचं गणित, बिघडतो. एखादी खिडकी बराच वेळ उघडी राहिली तर बंद केल्यावरही तिची पुसट कड मागे उरते, मग हळूहळू जाते. 96वर यातलं फार थोडं होतं.

आणि हिशेब पाहिला तर गमावण्यासारखं फारसं नाहीच. 60 हर्ट्झवर एक फ्रेम 16.67 मिलिसेकंद पडद्यावर असते, 96वर 10.42. म्हणजे सव्वासहा मिलिसेकंद वाचले. 96वरून 120वर गेलं तर वाचतात फक्त दोन. भाच्याचा 240 म्हणजे 4.17, आणि तिथून 360वर उडी मारली तर हाती येणार दीडसुद्धा नाही. जाहिरातीत आकडे दुपटीने वाढतात, डोळ्याला मिळणारा वाटा मात्र दर वेळी आटत जातो. हे त्याला पटलं नाही. त्याचा नवा आहे, पटूही नये.

एवढं बोलून त्याला माझ्या खुर्चीत बसवला आणि स्ट्रॅटेजी गेमचा नकाशा सरकवायला लावला. काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीत फरक पडतो हे सगळेच सांगतात, पण मला तो सगळ्यात जास्त इथे जाणवतो. नकाशा सेकंदाला 960 पिक्सेलच्या वेगाने सरकत असेल तर 60 हर्ट्झवर डोळ्याला प्रत्येक कड 16 पिक्सेल पसरलेली दिसते, 96वर 10. पॅनेल मंद आहे म्हणून नव्हे. फ्रेम जागच्या जागी थांबलेली असते आणि डोळा तेवढ्यात पुढे गेलेला असतो, म्हणून. 16चे 10 झाले की सरकत्या नकाशावरची गावांची नावं वाचता येतात. आधी थांबून वाचावी लागायची.

त्याने दोनदा नकाशा इकडून तिकडे नेला आणि म्हणाला, “रंग मात्र माझ्यापेक्षा भारी आहेत.” एवढी दाद पुरे.

बुधवार

झोपण्यापूर्वी सिनेमा पाहिला. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. 96 म्हणजे बरोबर चौपट, प्रत्येक फ्रेम चार वेळा, सारखी. 60ला 24ने भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा असं करावं लागतं आणि कॅमेरा संथ फिरला की चित्र अडखळतं. मॉनिटर घेताना हे डोक्यातही नव्हतं. आज एका लांबलचक शॉटमध्ये कॅमेरा डोंगरावरून सावकाश फिरला, कुठेही न अडखळता.

शनिवार

आठवडाभर टाळलेला विषय आज घेतला: नवीन ग्राफिक्स कार्ड. जुनं दमलंय. 1440पी, म्हणजे माझं 2560 बाय 1440, म्हणजे जवळपास 37 लाख पिक्सेल, 1080पीच्या पावणेदोन पटींपेक्षा थोडे जास्तच, आणि ते सेकंदाला 96 वेळा रंगवायचे. नव्या गेममध्ये सावल्या सगळ्यात खालच्या पातळीवर आणल्या तरी सेकंदाला 70 फ्रेमच्या आसपास गाडी अडते. बरं, या मॉनिटरला जी-सिंक नाही, फ्रीसिंक नाही, म्हणजे कार्डाच्या वेगाप्रमाणे मॉनिटरने आपला वेग बदलायची सोय (अडॅप्टिव्ह सिंक) नाही. ती सोय आली 2013 नंतर, आणि तीही स्केलर असलेल्यांच्या घरी. त्यामुळे फ्रेम कमी पडल्या की चित्र आडवं फाटतं. फाटू नये म्हणून व्ही-सिंक, म्हणजे कार्डाला मॉनिटरच्या फ्रेमची वाट पाहायला लावणारी सोय, लावावं तर माउस जड होतो. मी फ्रेमना वरची मर्यादा घालून खेळते आणि थोडं फाटलेलं चालवून घेते.

अडचण अशी की नव्या कार्डांवर डीव्हीआय पोर्टच राहिलेला नाही. 2015-17 च्या काळात तो एकेका कार्डावरून उतरत गेला. एनव्हिडियाच्या स्वतःच्या जीटीएक्स 1080 वर होता, 1080 टीआयवर नव्हता. डिस्प्लेपोर्टवरून ड्युअल-लिंक डीव्हीआय करणारे ॲडॉप्टर मिळतात, पण साधारणपणे ते 330 मेगाहर्ट्झला बांधलेले असतात: 165च्या दोन लिंक, नियमाप्रमाणे. 1440पी 60 हर्ट्झला साधारण 241 मेगाहर्ट्झ लागतात, 96ला 390च्या घरात. म्हणजे ॲडॉप्टरवर ओढून ताणून 80 हर्ट्झ. जुनं कार्ड पॅच लावला की नियम गुंडाळून ठेवून 390 सोडतं. मी त्याला 24 गेजची जाड, आखूड केबल लावलीय. बारीक केबलवर मधूनच हिरव्या रेघा चमकायच्या.

म्हणजे कार्ड बदललं तर मॉनिटर बदलायचा, आणि मॉनिटर बदलायचा तर हा हिरवा पिक्सेल, ही झिरप, हे सगळं सोडून काहीतरी नीटनेटकं घ्यायचं, डब्यातून काढताच 165 हर्ट्झ देणारं, फाटणं नाही, पॅच नाही, ड्रायव्हर अपडेट केला म्हणून रात्र जाणार नाही. डोकं म्हणतं घे. पण खोक्यावर छापलेला आकडा मिळाला तर त्यात माझं काय? हे 96 कुणी दिलेले नाहीत. एकेक हर्ट्झ वाढवत, रेघा उमटल्या की मागे येत, काढलेले आहेत. हा युक्तिवाद भाच्यासमोर टिकणार नाही हे ठाऊक आहे. रोजनिशीत चालतो.

तर ठरलं ते असं. मी जे खेळते त्यातल्या बहुतेक गेमना जुनं कार्ड अजून 96 देतं, तेव्हा कार्ड चालतंय तोवर काही घ्यायचं नाही. ते गेलं की नवीन कार्ड, नवीन मॉनिटर, अडॅप्टिव्ह सिंकवालाच. मग हा जुना मॉनिटर ॲडॉप्टर लावून शेजारी, आडवाऐवजी उभा, वाचायला आणि लिहायला. त्या कामाला 60 पुरतात. तोवर ड्रायव्हर अपडेट बंद. पॅचची आणि रिझोल्यूशनची फाइल मात्र आजच दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवली.