झाकण न उघडताच निकाल

"काका, आता हा संगणक भंगारात द्या, नवीनच घ्या." मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात आज काउंटरवरच्या मुलाने शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना हे सांगितले, आणि तेही कॅबिनेटचे झाकण न उघडता.

मुलीच्या दहावीसाठी संगणक हवा, एवढीच त्यांची गरज होती. मी आग्रह केला तेव्हा झाकण उघडले गेले. आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, जुनी हार्ड डिस्क, चार जीबीची एकच रॅम आणि तिच्या शेजारी धुळीने भरलेला रिकामा स्लॉट.

तो रिकामा स्लॉट दिवसभर डोक्यातून जात नाही. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून विखुरलेली माहिती शोधत हेड सतत हलत राहते, म्हणून संगणक सुरू व्हायलाच वेळ लागतो. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारा भागच नसल्यामुळे तेवढा एक बदल आणि डीडीआर-थ्रीची आणखी चार जीबी रॅम एवढ्यावर अभ्यासाचे काम उत्तम चालते. प्रोसेसर बदलण्याचा विचार मी तरी शेवटी करीन.

अडचण आहे ती विंडोजची. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला अधिकृतपणे टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. अशा वेळी विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली मला योग्य वाटते.

शाळकरी मुलांसाठी घरच्या जुन्या डेस्कटॉपवर कोणी लिनक्स बसवले आहे का? मराठी टायपिंगचा अनुभव कसा आहे?