तीन केरी आणि दोन फ्रँकफर्ट

गोव्यात आमच्या फोंड्याच्या बाजारात, देवळाच्या अग्रशाळेत पंगतीला बसल्यावर, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना, लोक मला हेच विचारतात: "टूरबरोबर न जाता तुम्ही दोघं युरोपात फिरता, मग राहायचं कसं ठरवता? आणि तिथली गावं तुम्हाला एवढी पाठ कशी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खोल्या शोधता शोधताच गावं पाठ झाली. शाळेत भूगोलात मी जेमतेम पास होणारी. पण शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचे कागद जोडावे लागतात, त्यामुळे कुठल्या रात्री कुठे झोपणार हे फोंड्यात बसूनच ठरवावं लागलं. आणि स्वस्त खोली बघावी तर ती कशाच्या तरी पलीकडे असते. नदीच्या, खाडीच्या, नाहीतर सरळ देशाच्याच. मधे काय आहे ते कळल्याशिवाय पैसे भरायचे कसे?

पहिल्याच खेपेला मी भरले. विमान फ्रँकफर्टला उतरणार होतं, खोली फ्रँकफर्टमध्ये, भाडं इतकं कमी की मी शेजारणीला मुद्दाम सांगून आले. निघायच्या दोन दिवस आधी सहज बघितलं, स्टेशनपासून चालत किती. नकाशात नदी दिसली, तिच्यावर पूल, आणि पुलाच्या टोकाला पोलंड! जर्मनीत फ्रँकफर्ट दोन आहेत. विमानतळाचं ते माइन नदीवरचं. मी घेतलेलं ओडर नदीवरचं, बर्लिनच्याही पूर्वेला, रस्त्याने पाचशेहून जास्त किलोमीटर लांब. पलीकडचं पोलिश गाव म्हणजे १९४५ पर्यंत याच फ्रँकफर्टचं उपनगर होतं, हे मी नंतर वाचलं. पैसे परत न मिळणारी खोली होती ती, तेव्हा निदान एवढी माहिती तरी वसूल केली. आमचे हे एवढंच म्हणाले, "विजयादुर्गेची केरी की अंजुणे धरणाची केरी, हे तू कदंबाच्या बसमध्ये बसण्याआधी विचारतेस ना?" बरोबरच होतं. फोंड्यात एक केरी, सत्तरीत एक, पेडण्यात समुद्रावर तिसरी. आपण तालुका विचारल्याशिवाय बसमध्ये चढत नाही. तिथे तालुक्याच्या जागी नदी विचारायची.

पेडण्याच्या केरीवरून आठवलं. तेरेखोल आपल्या गोव्यातलं, पण नदीच्या पल्याड. फेरीबोट चुकली की किरणपाणीच्या पुलावरून महाराष्ट्रात शिरून वळसा. बाझलचं मला तसंच वाटलं. शहर स्वित्झर्लंडचं, पण त्याचा विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर, आणि तीन नंबरची ट्राम सीमा ओलांडून फ्रान्समधल्या सँ-लुईपर्यंत जाते. सँ-लुईत भाडं कमी, म्हणून बहुतेक जण तिकडे धावतात. मी हिशेब मांडला. बाझलच्या हॉटेलात उतरणाऱ्याला शहरातल्या ट्राम-बसचा पास फुकट मिळतो, सँ-लुईत उतरलं की तो गेला. आम्हाला चार दिवस ट्रामनेच हिंडायचं होतं. बाझलमध्येच राहिलो.

व्हेनिसला उलट केलं. मेस्त्रे हे नगरपालिकेच्या हिशेबात व्हेनिसच, पण जमिनीवरचं. पाण्यातलं व्हेनिस तिथून आगगाडीने दहाएक मिनिटं, लांबलचक पुलावरून. म्हणून 'व्हेनिस' एवढंच वाचून खोली घेऊ नका, पत्ता पुलाच्या कुठल्या बाजूचा ते बघा. आम्ही तीन रात्री मेस्त्रेत काढल्या आणि शेवटची पाण्यात. दिवसाची गर्दी संध्याकाळी निघून जाते, त्यानंतर त्या गल्ल्यांतून आपल्याच चपलांचा आवाज ऐकत चालायला मिळतं. त्या एका रात्रीचे पैसे अजिबात खटकले नाहीत.

लिस्बनने मात्र नकाशावरचा माझा विश्वासच उडवला. तिथल्या आल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत खोली ट्रामच्या थांब्यापासून तीनशे मीटर, असं नकाशा सांगत होता. ते तीनशे मीटर म्हणजे निव्वळ पायऱ्या. पणजीत चर्चजवळ उभं राहून आल्तिनोची टेकडी हाकेच्या अंतरावर दिसते, तसलेच. वर पत्ता तिसऱ्या मजल्याचा, 'एश्केर्दु' म्हणजे जिन्याने चढल्यावर डावीकडचा दरवाजा, आणि लिफ्ट नाही. बॅगेत यांनी पाच किलो उकडे तांदूळ कोंबलेले. दुसऱ्या जिन्यावर मी ते तिथेच सोडून द्यायच्या बेतात होते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी रेल्वेचा नकाशा, मग नद्या, मग चढ, शेवटी भाडं. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत आणि चूल असलेली खोली. उकडे तांदूळ अजूनही येतात, पण दोनच किलो.

परवा शेजारीण म्हणाली, मुलगा कामासाठी जर्मनीला चाललाय, फ्रँकफर्टला एखादी स्वस्त खोली बघशील का? मी म्हटलं, आधी त्याला नदी विचार.