उत्तर कुठे ठेवायचे?

एखादा ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असा) प्रकल्प लोकांच्या वापरात येऊ लागला की तो चालवणारी मंडळी मला हमखास विचारतात, "वापरकर्त्यांच्या शंकांसाठी काय उघडावे? डिस्कॉर्डसारखे चॅट, फोरम, की साधी ईमेलवरची मेलिंग लिस्ट?" मी बॅकअप घेणाऱ्या एका छोट्या ओपन सोर्स प्रोग्रॅमच्या मेंटेनरांपैकी (देखभाल करणाऱ्यांपैकी) एक आहे आणि आमची निवड एकदा सपशेल चुकली होती, म्हणून बहुधा हा प्रश्न माझ्याकडे येतो. तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही चॅटने सुरुवात केली. खाते पाच मिनिटांत उघडले, पैसे पडले नाहीत आणि पहिल्याच आठवड्यात बरीच माणसे येऊन बसली. मग एका रात्री एका वापरकर्त्याने लिहिले की बॅकअप सुरूच होत नाही, ‘रिपॉझिटरी (बॅकअपचा साठा) लॉक आहे’ एवढाच संदेश येतो. आमच्या एका सहकाऱ्याने त्याला आवृत्ती विचारली, लॉग (प्रोग्रॅमने ठेवलेल्या नोंदी) मागवला, मध्येच इतर दोघांची नव्या लोगोच्या रंगावर चर्चा सुरू झाली, तिच्या अधूनमधून तीन उपाय सुचवले गेले, आणि चाळीसएक संदेशांनंतर त्या गृहस्थांनी लिहिले, "झाले, धन्यवाद!" तिन्हींपैकी कोणत्या उपायाने झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

महिन्याभराने तोच संदेश घेऊन दुसरे वापरकर्ते आले. ‘लॉक’ हा शब्द शोधला तर शेकडो संदेश निघाले, आणि पहिला सहकारी त्या दिवशी हजर नव्हता, म्हणून दुसऱ्याने आठवणीतून सांगितले की लॉक फाइल काढून टाका. एखाद्या दुसऱ्या यंत्रावरून त्याच रिपॉझिटरीत बॅकअप चालू नाही ना, याची आधी खात्री करून घ्यावी, हा उत्तराचा पूर्वार्ध त्या आठवणीतून गळला होता. दुसऱ्या यंत्रावर बॅकअप चालू होता. दोन्हीकडून एकाच वेळी लिखाण झाले आणि त्यांचा कित्येक महिन्यांचा बॅकअप खराब झाला. उत्तर देणाऱ्याचा हेतू चांगला होता, ज्ञानही होते. पण बरोबर उत्तर एकदा लिहून झाल्यावर ते ठेवायला आमच्याकडे जागाच नव्हती.

तेव्हापासून कोणताही मंच पाहताना मी एकच गोष्ट आधी तपासतो: आज दिलेले उत्तर वर्षभराने, आमच्या समूहाचे नावही न ऐकलेल्या माणसाला, लॉगिन न करता सापडेल का? सापडायचे असेल तर प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा पत्ता हवा, तो सर्च इंजिनला दिसायला हवा आणि उत्तर नंतर दुरुस्त करता यायला हवे, कारण सॉफ्टवेअर बदलते आणि कालचे बरोबर उत्तर पुढच्या आवृत्तीत घातक ठरू शकते. डिस्कॉर्डमधला मजकूर सर्वसाधारणपणे सर्च इंजिनपर्यंत पोहोचत नाही. गप्पांसाठी ते उत्तम आहे, पण तिथे दिलेले उत्तर तिथेच जिरते. झुलिप या चॅटमध्ये प्रत्येक संभाषणाला विषयाचे शीर्षक देता येते आणि निवडक चॅनेल बिनालॉगिन वाचायला खुले ठेवता येतात, म्हणून चॅटच हवे असा आग्रह असेल तर मी त्याचे नाव सुचवतो.

दुसरी तपासणी सोडून जाण्याची, म्हणजे उद्या इथून निघायची वेळ आली तर सोबत काय नेता येईल, याची. हा प्रश्न मुहूर्तालाच विचारणे लोकांना अशुभ वाटते, पण मंच चालवणारे बदलतात, बंदही पडतात. याहू ग्रुप्सवर वर्षानुवर्षे साठलेली चर्चा 2019 च्या अखेरीस काढून टाकण्यात आली आणि पुढच्या वर्षी ती सेवाच संपली. गिटर हे प्रोग्रॅमरांचे चॅट 2017 मध्ये गिटलॅब या कंपनीकडे आणि 2020 मध्ये एलिमेंट या कंपनीकडे गेले. 2023 मध्ये ते मॅट्रिक्स या खुल्या चॅट जाळ्यावर हलवले गेले तेव्हा जुने संदेश सोबत नेले गेले, हे वापरणाऱ्यांचे नशीब. 2021 च्या मे महिन्यात फ्रीनोड या आयआरसी चॅट जाळ्याच्या नियंत्रणावरून वाद होऊन तिथल्या स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट हे नवे जाळे उभे केले, तेव्हा अनेक प्रकल्प फार थोड्या दिवसांत तिकडे गेले. आयआरसी हा 1988 पासूनचा खुला प्रोटोकॉल (संदेशांच्या देवाणघेवाणीची नियमावली) असल्यामुळे लोकांना आपला प्रोग्रॅम तोच ठेवून फक्त सर्व्हरचा पत्ता बदलावा लागला. तिथे जुने बोलणे मुळातच साठवले जात नाही, ही गोष्ट वेगळी. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला लिनक्स कर्नलची (त्या ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा लिहिणारी) मंडळी आहेत: ती अजूनही ईमेलवर चर्चा करतात आणि त्यांचा संग्रह गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या स्वरूपात असल्याने कोणालाही पूर्ण उतरवून घेता येतो. यामुळे ‘ओपन सोर्स प्रकल्पाने बंदिस्त मंच वापरावा का’ या वादात मी थोडा व्यवहारी आहे. मंचाचा परवाना मी पाहतो, पण त्याआधी एक्स्पोर्टचे (मजकूर उतरवून घेण्याचे) बटण शोधतो आणि ते दाबून नेमके काय हाती येते ते उघडून पाहतो.

आम्ही शेवटी डिस्कोर्स हे फोरमचे सॉफ्टवेअर घेतले. ते 2013 पासून आहे, त्याचा कोड जीपीएल या परवान्याखाली खुला आहे आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या विकासकांनीही आपली मुख्य चर्चा मेलिंग लिस्टवरून त्यावर नेली आहे. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचे ठरवले तर मात्र एक इशारा देतो: प्रोग्रॅम बसवायला तासभर लागला, पण त्याने पाठवलेले ईमेल लोकांच्या स्पॅममध्ये न जाता इनबॉक्समध्ये पोहोचावेत यासाठी आमचे दोन आठवडे गेले. ज्यांच्याकडे हे सांभाळणारा माणूस नाही त्यांनी कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावरचे गिटहब डिस्कशन्स वापरावे. कोड तिथेच असेल तर वेगळे काही उभारावे लागत नाही. पण तिथे प्रश्न विचारायला गिटहबचे खाते लागते, आणि तुमचे वापरकर्ते प्रोग्रॅमर नसतील तर त्या दारातूनच निम्मे परत फिरतील. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरची उत्तरे खुल्या परवान्याखाली असतात आणि चटकन सापडतात, परंतु कोणता प्रश्न ठेवायचा नि कोणता बंद करायचा हे तिथले लोक ठरवतात. आपल्या नवख्या वापरकर्त्याला तिथे ‘हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे’ असे ऐकावे लागले तर आपल्याला काही करता येत नाही.

हे सगळे पाहण्याआधी आणखी एक हिशेब करावा: उत्तरे देणार कोण, आणि किती जण? आम्ही तिघे होतो. तिघांनी चॅट, फोरम, ईमेल आणि इश्यू ट्रॅकर (दोषांची नोंदयादी) अशी चार दारे उघडी ठेवली की चारही ठिकाणी प्रश्न बेवारस पडतात, आणि प्रश्न विचारून आठवडाभर शांतता अनुभवलेला माणूस सहसा परत येत नाही. म्हणून शंकांसाठी एकच जागा ठेवली, इश्यू ट्रॅकर केवळ सिद्ध झालेल्या दोषांपुरता ठेवला आणि सुरक्षेच्या त्रुटी कळवण्यासाठी खासगी ईमेल दिला. (लोक लॉग चिकटवताना पासवर्डही चिकटवतात, सार्वजनिक मंचावर ते खोडून काढण्याचा अधिकार किमान दोघांकडे असू द्या.)

चॅट आम्ही बंद केले नाही. तिथे अजूनही लोगोच्या रंगावर वाद होतात, आणि कोणाची अडचण तिथेच सुटली तर त्या व्यक्तीला प्रश्न आणि उपयोगी पडलेला उपाय फोरमवर लिहिण्याची विनंती केली जाते. अशा दर तीन वापरकर्त्यांपैकी एक तरी लिहितो. उरलेल्यांचे आम्ही लिहितो. लॉकविषयीचे उत्तर आता एका पानावर आहे आणि दर नव्या आवृत्तीनंतर ते तपासले जाते. ‘दुसऱ्या यंत्रावर बॅकअप चालू नाही ना, हे आधी पाहा’ हे त्यातले पहिले वाक्य, ज्यांचा बॅकअप खराब झाला होता त्यांनीच येऊन लिहिले आहे.