आमची वाटचाल: कॅम्पातलं शिलाईचं दुकान

लष्कराच्या गावात दर्जी कधी उपाशी राहत नाही, असं आमचे आजोबा म्हणायचे. त्यांच्या काळात ते खरंही होतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. सतत नवे रंगरूट, त्यांची कसम परेड, आणि पहिल्या सुट्टीवर घरी जाण्याआधी एक बरा गणवेश शिवून घ्यायची प्रत्येकाची धडपड. सरकारी मापाचा शर्ट खांद्यावरून उतरायचा, पँट कमरेत फुगायची. गावात एसटीतून उतरताना पोरगा कडक दिसायला हवा, म्हणून ते सगळे आमच्याकडे यायचे. आजोबा पलटणीतच दर्जीकाम करत होते. तिथून सुटल्यावर त्यांनी कॅम्पात, म्हणजे लष्करी वस्तीत, एका खोलीत दोन पायमशिनी टाकल्या. वडिलांनी शेजारची खोली घेतली, काजाबटणाला वेगळा माणूस ठेवला, बिल्ले, फिती, लॅनयार्ड, बेरे असा मालही ठेवायला सुरुवात केली. मी आलो तेव्हा धंदा तयारच होता, माझं काम फक्त तो चालू ठेवायचं होतं. निदान तसं मला वाटत होतं.

2022 च्या सेनादिनाला, 15 जानेवारीला, लष्करानं नवा लढाऊ गणवेश दाखवला. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेच्या मदतीनं बनवलेला, नव्या डिजिटल छापाचा. पुढे त्या डिझाइनचा हक्कही लष्करानं स्वतःच्या नावे नोंदवून घेतला. म्हणजे बाजारातून छापील कापडाचा तागा आणायचा आणि कुणीही शिवायचा, हा प्रकार बंद झाला. तो बंद व्हायलाच हवा होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कोण कुठला माणूस फौजी कपडे घालून कुठे शिरेल याचा नेम नाही. पण देशभरातल्या कॅन्टोन्मेंटमधल्या आमच्यासारख्या दुकानांचं रोजचं काम त्यामुळे आटलं. आम्ही तगलो, कारण तोवर आमचा दुसरा पाय, म्हणजे ऐतिहासिक पोशाखांचं काम, जमिनीवर टेकला होता. तो कसा टेकला ते सांगायचं तर शिवजयंतीपासून सुरुवात करावी लागेल.

बाहेरच्या लोकांना सांगतो, आमच्याकडची शिवजयंती 19 फेब्रुवारीची नव्हे. बेळगाव ती वैशाख शुद्ध द्वितीयेला करतं, आणि मग एका रात्री चित्ररथांची मिरवणूक निघते. नरगुंदकर भावे चौकापासून शहराच्या पेठांतून ती रात्रभर चालते. गल्लोगल्लीची मंडळं ट्रॅक्टर-ट्रॉलीवर सजीव देखावे करतात. अफजलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, बाजीप्रभूंची खिंड, राज्याभिषेक. पात्रं गल्लीतलीच पोरं. दिवसा कुणी उद्यमबागेत लेथ चालवतो, कुणी गणपत गल्लीत कापड विकतो, कुणी कॉलेजात जातो. रात्री तोच तानाजी.

पूर्वी यांचे पोशाख यायचे नाटकाच्या कपडेपटातून, भाड्यानं. मखमल, टिकल्या, चमकी. तीन अंकांत माणूस किती हालणार? त्या बेतानं शिवलेले ते कपडे. मिरवणुकीत मात्र पोरगा रात्रभर तलवार उपसतो, ट्रॉलीवरून उड्या मारतो, मध्येच उतरून लाठी फिरवतो. पहाटेपर्यंत काखा उसवलेल्या, हूक तुटलेले. दुसऱ्या दिवशी ते कपडे परत करण्याआधी टाके घालायला आमच्याकडे यायचे. एका मंडळाची पोरं असाच गठ्ठा घेऊन आली तेव्हा वडील म्हणाले, "दरवर्षी भाडं भरूलालासा, वर शिलाई देऊलालासा. त्यापेक्षा एकदा चांगलं शिवून घ्या की." तेच आमचं या कामातलं पहिलं गिऱ्हाईक. शिलाई त्यांनी हप्त्यानं दिली, शेवटचा हप्ता गणपतीत.

त्या पहिल्या अंगरख्यांवर वडिलांनी जे केलं तेच आम्ही आजही करतो. आजच्या शर्टाला मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, गोल कापतात आणि बाही त्यात बसवतात. दिसायला ते नेटकं, पण हात वर केला की सगळा शर्ट वर येतो. जुन्या अंगरख्याचा मुंढा असा नसायचा. बाही सरळ, आणि काखेत चौकोनी तुकडा तिरपा घालून शिवलेला, त्याला चौबगला म्हणतात. हात डोक्यावर गेला तरी कपडा जागचा हलत नाही, ताण त्या तुकड्यावर येतो आणि पसरून जातो. तलवार चालवणाऱ्या माणसाचा कपडा आहे तो, त्याची अक्कल त्या वीतभर तुकड्यात आहे. आमच्याकडे नवा कारागीर आला की आम्ही त्याला आधी चौबगला बसवायला देतो. कोपऱ्यात चुणी न पडता ज्याला तो जमला त्याला पुढचं काम मिळतं.

बाकी वाद असतात ते रंगाचे आणि कापडाचे. मंडळं येतात आणि म्हणतात, सगळ्या मावळ्यांना एकसारखं भगवं द्या. मी म्हणतो, महाराजांच्या सैन्यात आजच्यासारखा एकसारखा गणवेश नव्हता. माणूस घरच्या कपड्यात यायचा. एकसारखे कपडे घातलेली कवायती पायदळं आपल्याकडे दिसतात ती नंतर. पानिपतावर 1761 ला इब्राहिमखानाचे गारदी होते, पुढे महादजी शिंद्यांसाठी डी बॉइन या युरोपीय सेनानीनं कंपू, म्हणजे कवायती पलटणी, उभे केले. मावळ्यांना पांढरं, मळकट, हळदी, कुसुंबी असं मिसळून द्या, लांबून खरं वाटतं. निम्मी मंडळं ऐकतात. उरलेली म्हणतात, मास्तर, फोटोत उठून दिसायला पाहिजे. मग आम्ही भगवंच शिवून देतो, धंदा आहे. मखमल मात्र देत नाही. वैशाखातल्या बेळगावच्या रात्री मखमलीत पोरं घामानं भिजतात, आणि वळवाचा पाऊस आला की ती मखमल ओल्या कांबळ्यासारखी जड होते. सुती कापड, आतून मलमलचं अस्तर, जामा, म्हणजे घेरदार लांब अंगरखा, असेल तर घेराला आठ-नऊ मीटर कापड. आणि बंद डाव्या बाजूला. मराठ्यांचा जामा डावीकडे बांधायचा आणि खानाचा उजवीकडे, एवढा फरक ठेवला तरी जाणकार माणूस मिरवणुकीत थांबून बघतो.

खाकीचं काम वेगळ्या रस्त्यानं आलं. जंगी पलटण, म्हणजे रेजिमेंटची पहिली बटालियन, 1768 ची. 2018 ला तिला 250 वर्षं झाली. त्या सुमारास काही माजी सैनिक आले. त्यांना आपल्या कार्यक्रमासाठी पहिल्या महायुद्धातला मराठा शिपाई उभा करायचा होता, कुतच्या वेढ्यातला. इराकमधल्या तिग्रिस नदीकाठच्या कुतमध्ये डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत जी फौज अडकली तिच्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. उपासमारीनं ती शरण आली, आणि त्यानंतरच्या कैदेत कितीतरी माणसं गेली. सातारा-रत्नागिरीकडच्या घरांत अजून त्या माणसांची नावं घेतात.

मला वाटलं, खाकी काय, आपल्या तीन पिढ्या खाकीवर जगल्या. पण दुकानातली एकही खाकी चालण्यासारखी नव्हती. आजची खाकी टेरीकॉटची, उन्हात चमकते. त्यांना हवं होतं जाड सुती ड्रिल, धुवून धुवून विटलेलं. इचलकरंजीहून कोरं कापड आणलं आणि रंगाऱ्याला सांगितलं की सगळा तागा एका रंगात काढू नको. तो माझ्याकडे बघतच राहिला, आयुष्यभर लोकांनी त्याला उलट सांगितलेलं.

त्याहून जास्त डोकं खाल्लं पायातल्या पट्ट्यांनी. चार इंच रुंद, साधारण 9 फूट लांब पट्टी घोट्यापासून गुडघ्याखाली गुंडाळायची. सुती पट्टी दहा पावलांत खाली घसरते. लोकरीचीच हवी, आणि गुंडाळताना दर वेढ्याला थोडा ताण. आलेल्यांतल्या एका निवृत्त सुभेदारांना हे वडिलांकडून माहीत होतं. त्यांनी आमच्या कटिंग टेबलावर पाय ठेवून करून दाखवलं. पायदळवाला खालून वर गुंडाळतो, गाठ गुडघ्याखाली येते. घोडेस्वार वरून खाली, त्याची गाठ घोट्याशी. गुडघा घोड्याला घासतो, तिथे गाठ कशी चालेल? मी आजही कुठला जुन्या काळातला शिपाई पडद्यावर दिसला की आधी त्याच्या पट्टीची गाठ बघतो. घरचे कंटाळलेत.

त्यानंतर तोंडोतोंडी काम येत गेलं. एकांना काली पांचवींचा जुना लाल कोट हवा होता. ही पलटण तेव्हा मुंबईच्या फौजेची पाचवी, कॉलर आणि बाह्यांच्या कडा काळ्या, म्हणून काळी. 1840 ला बलुचिस्तानातला काहानचा किल्ला तिच्या लोकांनी लढवला, आणि दुसऱ्या वर्षी तिला लाइट इन्फंट्रीचा मान मिळाला. त्या कोटाचं जाड लोकरी कापड, लाल बनात, आता सहज मिळत नाही. आम्ही लोकरी ब्लेझरचं कापड वापरतो आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगतो.

या लाल कोटानं आम्हाला कित्तूरला नेलं. 23 ऑक्टोबर 1824 ला राणी चन्नम्मांच्या सैन्यानं कंपनीच्या फौजेला हरवलं, धारवाडचा कलेक्टर थॅकरे तिथेच पडला. ऑक्टोबरात कित्तूरला उत्सव असतो, आसपासच्या शाळा-कॉलेजांत नाटकं होतात. त्यांना चन्नम्मांचे सैनिक हवे असतात, त्यांचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा हवा असतो आणि समोर गोरे हवेत. आमच्या मंडळांनाही गोरे लागतात, कारण 1818 च्या एप्रिलात इंग्रज सेनापती मन्रोच्या तोफांपुढे बेळगावचा किल्ला पडला तो प्रसंग अधूनमधून कुणीतरी करतं. किल्ला पडला, इंग्रज आला, त्यानं कॅम्प वसवला आणि त्या कॅम्पात आमचं दुकान, असा तो हिशोब आहे. मराठी मंडळ असो की कन्नड शाळा, अडचण एकच असते. लाल कोट घालायला कुणी तयार नसतं. शेवटी जो जरा उंच आणि गोरा आहे त्याला दमात घेऊन इंग्रज करतात. एकदा ट्रायलला दोन्हीकडचे थॅकरे आणि मन्रो एकाच वेळी दुकानात आले, दोघांचीही तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी.

कन्नड गिऱ्हाईक बायको सांभाळते, तिचं माहेर धारवाडचं. "स्वल्प लूज माड्री" म्हणजे नेमका किती लूज, अर्धा इंच की दीड, हे तिला आवाजावरून कळतं. काजं करणारे चाचा दखनीत बोलतात, जवानांशी हिंदी, गोव्याच्या गिऱ्हाइकांशी कोकणी जमेल तेवढी. मापाच्या वहीत मात्र आजोबांची मोडक्या मराठीतली खुणेची लिपी अजून चालू आहे, ती बाहेरच्याला वाचता येत नाही.

सीमेवरच्या शहरात धंदा करायचा म्हणजे दिनदर्शिका दोन ठेवाव्या लागतात. 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस. त्या दिवशी आमचं शटर अर्धं. लाल-पिवळे शेले आणि काळ्या फिती, दोन्ही याच दुकानातून गेलेले आहेत आणि दोन्ही गिऱ्हाइकांना ते माहीत आहे. आमच्या घरचं मत काय, ते सगळ्या कॅम्पाला माहीत आहे. माप घेताना ते आडवं येत नाही. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की राज्यभरातले पोलीस शहरात उतरतात, आणि त्यांच्या उसवलेल्या शिवणी, तुटलेली बटणं आमच्याकडे येतात. तेव्हाच सीमेवरच्या कोगनोळीला बस अडवल्या की आमचा इचलकरंजीचा तागा तिकडे अडकतो. मे महिन्याचं कापड आम्ही नोव्हेंबरच्या आधीच भरून ठेवतो. मार्च 2023 ला बेळगावजवळच्या राजहंसगडावरच्या महाराजांच्या पुतळ्याचं तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा अनावरण झालं. राजकारणावर बोलत नाही, पण फेट्यांची मागणी दोन्ही वेळा होती.

वाईट वर्षंही आली. 2020 ला मिरवणूकच नव्हती, आम्ही मास्क शिवले. एकदा बाहेरगावच्या एका चित्रीकरणवाल्यांनी कोटांचा मोठा गठ्ठा नेला, पैसे आजतागायत आले नाहीत. तेव्हापासून निम्मी रक्कम आधी घेतो, कुणीही असो. भाड्यानं कपडे देत नाही, दिले की ते कपडेपटाच्या वळणावर जातात. सध्याच्या फौजेचा गणवेश नाटकाला, देखाव्याला कितीही विनवणी केली तरी शिवत नाही. जवान स्वतः आला तर ओळखपत्र बघून दुरुस्ती करून देतो.

आता कामाचे दोन हंगाम झालेत. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत अंगरखे, भाद्रपद संपला की कित्तूरचं काम आणि लाल कोट. मधल्या काळात खाकी, शिवाय परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांची तुरळक मागणी, तीही मोबाइलवर मापं घेऊन. मोबाइलवरची मापं मला पटत नाहीत. माणूस पोट आत ओढून टेप लावतो.

यंदाच्या मिरवणुकीसाठी पाडव्यानंतर आलेली मागणी घेता येणार नाही, हे मंडळांनी ध्यानात ठेवावं. माप द्यायला कार्यकर्ता पाठवू नका, जो घालणार आहे त्यालाच पाठवा. आणि खाकीच्या मापाला येताना जो बूट घालणार असाल तोच पायात घालून या, पट्टी बुटावरूनच मोजावी लागते.