जुन्या भिंतीला नवी भिंत जोडताना: आमची वाटचाल

नाशिकमध्ये वर्षं मोजायची झाली की माणूस सिंहस्थावर येतो. आमच्या फर्मचंही तसंच आहे. 1991 च्या सिंहस्थाच्या आगेमागे वडिलांनी गवंडीकामाचा पहिला स्वतंत्र ठेका घेतला. 2003 च्या सिंहस्थात मी हिशेबाच्या वह्या सांभाळत होतो. 2015 ची पर्वणी उरकली तोवर आम्ही नव्या इमारतींचे ठेके जवळजवळ सोडून एकाच कामात शिरलो होतो. जुन्या, बिनप्लास्टरच्या विटांच्या घराला नवी खोली, जिना किंवा मजला जोडायचा, आणि नवी भिंत जुन्या भिंतीत मिसळून जाईल अशी बांधायची.

हे काम आमच्याकडे आलं ते घरांमुळे. गंगापूर रोड, कॉलेज रोड, महात्मानगर या भागांत एका पिढीने हौसेने एक्सपोज्ड विटांचे बंगले बांधले. आता त्या घरांतली माणसं थकली आहेत. "आईला जिना चढवत नाही, खाली एक खोली आणि बाथरूम काढून द्या" ही आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी मागणी. त्यावर बाजारातलं सोपं उत्तर ठरलेलं असतं: मिळेल त्या विटेत किंवा ब्लॉकमध्ये खोली उभी करा, प्लास्टर मारा आणि जमलं तर जुन्या भिंतीलाही रंग देऊन टाका. वडिलांना हे कधीच पटलं नाही. चांगल्या गवंड्याने एकेक थर दोरीत धरून बांधलेली भिंत रंगाखाली घालवायची हे त्यांना त्या गवंड्याचा अपमान केल्यासारखं वाटायचं. मलाही तसंच वाटतं, आणि फर्म टिकली ती या हट्टावरच.

लोक आमच्याकडे विटेचा तुकडा घेऊन येतात आणि विचारतात, असा रंग मिळेल का? मी त्यांना आधी दोन विटांमधल्या सांध्याबद्दल विचारतो. 230 बाय 75 मिलिमीटरची वीट आणि 10 मिलिमीटरचा सांधा धरला, तर भिंतीच्या दर्शनी भागातला 15 टक्क्यांच्या आसपास भाग विटेचा नसतोच, तो मालाचा, म्हणजे विटा जोडणाऱ्या वाळू-सिमेंटच्या किंवा चुन्याच्या मिश्रणाचा असतो. विटांची टोकं जास्त दिसणाऱ्या बांधणीत हा वाटा आणखी वाढतो. म्हणून विटेचा रंग थोडा हलला तर डोळा सांभाळून घेतो, पण सांध्याचा रंग चुकला की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही जोड दिसतो.

नाशिकमध्ये हा रंग हमखास चुकतो, त्याला कारण आहे. जुन्या बंगल्यांत नदीची वाळू आहे, तिचा माल वाळल्यावर किंचित पिवळसर-तपकिरी दिसतो. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान घाटांवरच्या वाळूउपशालाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. त्यानंतर बांधकामं क्रश सँडवर वळली. आपल्याकडची क्रश सँड म्हणजे फोडलेला काळा पाषाण. तिचा माल निळसर करडा होतो. तोच माल लाल विटेत भरला की सबंध भिंत काळवंडते, आणि मालक म्हणतात, विटा चुकीच्या आणल्या.

आम्ही जुन्या भिंतीतला मालाचा एक खडा मीटरच्या पेटीमागून किंवा टाकीच्या आडोशाने काढतो. तो हलक्या हाताने फोडून, धुऊन, वाळूचे कण पांढऱ्या कागदावर पसरतो. जुना माल चुन्याचा असेल तर पातळ ॲसिडमध्ये चुना विरघळून जातो आणि तळाशी वाळू उरते, मग काम सोपं. तशी वाळू शोधायची, थोडीच लागते. राहिलेला फरक पांढरं सिमेंट आणि आयर्न ऑक्साइडच्या पावडरीने भरून काढायचा. पावडर सिमेंटच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या वर कधीच जाऊ द्यायची नाही, माल कमजोर होतो. आम्ही निम्म्यातच थांबतो. प्रत्येक घमेल्याला पावडर काट्यावर तोलूनच पडते. मूठभर-चिमूटभर चालत नाही, कारण सकाळचा आणि दुपारचा माल वेगळा पडला तर भिंतीवर पट्टे उठतात आणि ते नंतर पुसता येत नाहीत.

ओला माल गडद दिसतो आणि वाळला की उजळतो. त्यामुळे नमुन्याची छोटी भिंत आधी बांधून दोन-तीन आठवडे वाळू द्यावी लागते, आणि मगच मालकांना बोलवायचं, एकदा सकाळी आणि एकदा उतरत्या उन्हात. दहा फुटांवर उभं राहून बघायचं. नाक लावून बघितलं तर कुठलीच वीट दुसरीसारखी नसते.

विटेची गोष्ट लांबलचक आहे. भट्टीत आगीजवळची वीट गडद भाजते, कडेची फिकी राहते, आणि फार आच लागलेली खंगर होते. जुन्या भिंतीत या सगळ्या छटा आहेत, कारण त्या काळी ट्रकमधून जे उतरलं ते लागलं. आताच्या ग्राहकाला "एकसारखी" वीट हवी असते. एकसारखी वीट जुन्या घराशेजारी लावली की ती वेगळीच उठून दिसते. आम्ही भट्टीच्या वेगवेगळ्या भागांतून आणि शक्यतो वेगवेगळ्या खेपांतून विटा घेतो, साईटवर तांदूळ निवडावेत तशा निवडतो आणि मिसळूनच वर पाठवतो. एका खेपेचा ढीग संपवून दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा नियमच आहे.

त्यातून आपल्या एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र. 1999 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वीज केंद्राच्या 50 किलोमीटरच्या परिसरात मातीच्या विटेत राख मिसळणं बंधनकारक केलं, आणि 2016 मध्ये ही मर्यादा 300 किलोमीटरवर गेली. राखेचा उपयोग व्हायला हवा, याबद्दल माझं दुमत नाही. पण राख मिसळलेली वीट जुन्या विटेसारखी दिसत नाही, आणि निव्वळ राखेची वीट तर करडीच. म्हणून जिथे जुनं घर पाडलं जातं तिथे आम्ही आधी पोचतो. बऱ्या विटा माल खरवडून, मोजून, पत्र्याखाली रचून ठेवतो. सिमेंटमध्ये बांधलेली वीट सुटताना फुटते, चुन्यातली सहज सुटते. दर्शनी भागाला या विटा आणि आतल्या बाजूला नव्या, असं केलं की पुरवठाही पुरतो.

थर जुळवणं हे आमच्या मिस्त्रींचं खास काम. ते वडिलांच्या वेळेपासून आहेत. कामाच्या पहिल्या दिवशी ते विटेला हात लावत नाहीत. सागाची सरळ पट्टी जुन्या भिंतीच्या कोपऱ्यावर उभी धरतात आणि चाकूने प्रत्येक सांध्याची वरची आणि खालची कड तिच्यावर कोरतात, जोत्यापासून लिंटेलपर्यंत, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईपर्यंत. मग पट्टी दुसऱ्या कोपऱ्याला लावून ताडून बघतात. दोन कोपऱ्यांत फरक निघाला तर तोही कोरतात, दुसऱ्या बाजूला. पुढे काम चालू असेपर्यंत ती पट्टी दुसऱ्या कोणाच्या हातात जात नाही.

या पट्टीचं मोल हिशेबाने कळतं. जुनी वीट 75 मिलिमीटर उंच आणि सांधा 10, म्हणजे थर 85 चा. बाजारातली वीट 70 ची आणली आणि सांधा 10 चाच ठेवला तर दर थराला 5 मिलिमीटर कमी पडतात. लिंटेलपर्यंत साधारण पंचवीस थर जातात, तिथे 125 मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास पाच इंचांचा फरक झालेला असतो. खिडकीच्या डोक्यावरची ओळ जुन्या घराच्या ओळीला भेटतच नाही. सांधा 15 चा करून उंची गाठता येते, पण मग भिंतीत मालच माल दिसतो. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सांध्यात जिरतो, त्याहून जास्त असेल तर भट्टीवाल्याकडून वेगळा साचा करून घ्यावा लागतो. माती वाळताना आणि भाजताना आखडते, म्हणून साचा विटेपेक्षा मोठा लागतो. किती मोठा ते मातीवर ठरतं, आणि थोड्या विटा आधी भाजून बघितल्याशिवाय पूर्ण ऑर्डर द्यायची नाही.

बांधणीही बघावी लागते. जुनी नऊ इंची भिंत असेल तर एका थरात विटांच्या लांब बाजू आणि वरच्या थरात टोकं दिसतात. नवी खोली आरसीसी फ्रेममध्ये असेल तर भिंत चार इंची, तिच्यात नुसत्या लांब बाजू. अशा वेळी विटा नीट अर्ध्या कापून टोकं दाखवावी लागतात. मजुरी वाढते, मालक कुरकुरतात, आणि भिंत उभी राहिल्यावर तेच पाहुण्यांना बोट लावून दाखवतात. सांधा कसा दाबलाय हेही तेवढंच महत्त्वाचं. वाकवलेल्या सळईने दाबलेला गोल सांधा आणि थापीने सपाट केलेला सांधा यांची सावली वेगळी पडते.

काळ्या मातीबद्दल मात्र मी कोणाचंही ऐकून घेत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. जुनं घर कित्येक वर्षं बसून स्थिर झालेलं, नवं आता बसायला लागणार. अशा जागी जुन्या भिंतीत दाते, म्हणजे विटांच्या खाचा, पाडून नवी भिंत अडकवली की तिरप्या भेगा ठरलेल्या. पाया कडक मुरमावर आणि जुन्याच पातळीवर मिळाला तरच आम्ही दाते पाडतो. नाहीतर दोन भिंतींत 20-25 मिलिमीटरची उभी फट ठेवतो, तीत दबणारा बोर्ड घालतो आणि बाहेरून विटेच्या रंगाचं सीलंट भरतो. नवी भिंत चार इंच आत घेतली की फट सावलीत जाते. नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे, त्यामुळे जुनं आणि नवं वेगळं हलू शकणं तसंही बरं.

पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांचं काम आम्ही नंतर घेऊ लागलो. तिथे विटा चपट्या, माल चुन्याचा. एका वाड्यात आमच्या आधी कोणीतरी विटांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. सांधे पोलादासारखे शाबूत आणि मधल्या विटांची तोंडं सोलून गेलेली. भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंट तिला अडवतं, मग ती विटेतून वाट काढते आणि लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरतो. त्या सगळ्या दरजा छिन्नीने, मशीन न लावता, उकरून परत चुन्यात भरल्या. माल विटेपेक्षा मऊच हवा, हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो.

काही लोक विचारतात, नव्या भिंतीला चहाचं पाणी किंवा रंग मारून जुनी करता येईल का? आम्ही ते करत नाही. उलट जुनी भिंत पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने धुऊन घेतो, शेवाळ आणि धूळ काढतो, आणि त्या स्वच्छ विटेशी जुळवतो. पश्चिमेच्या भिंतीवर दोन-तीन पावसाळे झाले की पुढचं काम हवा-पाणीच करतं. व्हार्निश तर अजिबात नको, ओल आत कोंडते.

आमचे दर बाजारापेक्षा जास्त आहेत आणि नमुन्याच्या भिंतीचे पैसे आम्ही वेगळे घेतो. त्यावरून काही कामं हातची जातात. ते मान्य आहे. नमुना न बांधता दर्शनी काम घ्यायचं नाही, हे वडिलांनी ठरवलं होतं आणि त्यात बदल करायचं कारण मला दिसलेलं नाही.

सध्या पुढच्या सिंहस्थाच्या तयारीने शहरभर बांधकामं निघाली आहेत, गवंडी मिळत नाहीत आणि विटेचा भाव वर आहे. मिस्त्रींच्या हाताखाली चार तरुण पट्टी कोरायला शिकताहेत, त्यांतल्या दोघी मुली आहेत आणि रंगाच्या बाबतीत त्यांची नजर माझ्यापेक्षा तिखट आहे. वाढीव खोलीचा विचार असेल तर दसऱ्याच्या आसपास बोलावं. दिवाळीनंतर भट्ट्या पेटतात, त्या हंगामाच्या पहिल्या विटा निवडायला मिळतात आणि पावसाळ्याआधी छत घालून होतं.